गल्लीतला क्रूस आणि परळची लस

नाताळ जवळ आला की गिरगाव, माझगाव, भायखळा, दादर या भागांतील आमच्या जुन्या वाड्यांना जाग येते. सर्वांत आधी हात फिरतो तो गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या क्रुसावर. त्याला पांढरा चुना लागतो, चौथरा धुतला जातो, झेंडूची माळ पडते आणि त्याच्या माथ्यावर कागदाचा तारा टांगला जातो. घरात गव्हाणी मांडण्याआधी क्रुसाची सजावट, असा कित्येक वाड्यांचा अलिखित नियमच आहे. यांतील अनेक क्रूस ‘प्लेगचे क्रूस’ म्हणून ओळखले जातात. हे नाव कसे पडले हे मात्र आजच्या पिढीपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

अशाच एका तयारीच्या संध्याकाळी, तारा बांधण्यासाठी शिडीवर चढलेल्या एका कॉलेजकुमाराने आम्हाला प्रश्न केला, “खरं सांगा, प्लेग या क्रुसानं घालवला की लसीनं?” खाली उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी आमच्या आधीच उत्तर दिले, “क्रुसानं. आणखी कोणी घालवणार?” मुलगा हसला. बाई रागावल्या. आम्ही त्या दोघांची समजूत काढून घरी आलो खरे, पण प्रश्न काही मनातून जाईना. मुलाच्या हसण्यात आम्हाला उद्धटपणा दिसला नाही आणि बाईंच्या उत्तरातही अंधश्रद्धा दिसली नाही. दोघांपाशी एकाच गोष्टीचा अर्धा अर्धा भाग होता. ती गोष्ट पूर्ण सांगायची तर आपल्याला १८९६ सालच्या नाताळाकडे वळावे लागेल.

मांडवीतील एक ख्रिस्ती डॉक्टर

त्या वर्षी पावसाळा सरत असताना मांडवी बंदराच्या परिसरातील धान्याच्या वखारींत उंदीर पडू लागले. पाठोपाठ माणसांना कडक ताप भरू लागला, जांघेत व काखेत गाठी उठू लागल्या आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावू लागले. त्या वस्तीत डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना होता. गोव्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले हे कॅथलिक गृहस्थ मुंबईच्या सेंट मेरीज शाळेत शिकले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि पुढे महानगरपालिकेचे सभासदही झाले. गाठी उठलेले रोगी त्यांनी जवळून तपासले होते. हा साधा ताप नसून ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे त्यांनी निदान केले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे ते उघडपणे मांडले.

आज हे सोपे वाटते. तेव्हा ते तसे नव्हते. मुंबई हे व्यापाराचे शहर. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारला की परदेशी बंदरांत इथल्या बोटी अडणार, कापसाचा व्यापार थांबणार, गिरण्या ओस पडणार. सरकारी कागदांत म्हणूनच सुरुवातीला ‘गाठीचा ताप’ अशी सावध भाषा वापरली जात होती. या परिस्थितीत डॉ. व्हिएगस यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते बोलून दाखवले. सत्य बोलणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, तसेच ते वैज्ञानिकाचेही आहे. या माणसाच्या ठायी ही दोन कर्तव्ये एक झाली होती, असे आम्हाला वाटते. पुढे १९०६ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती. १९३३ साली ते वारले. धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमापाशी त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी किती जण नाताळच्या खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटकडे जाताना त्या पुतळ्यावरून गेले असतील आणि तो कोणाचा आहे, हे किती जणांनी वाचले असेल!

१८९६ चा नाताळ

ऑक्टोबरात रोग पसरला, नोव्हेंबरात तो मांडवीबाहेर पडला आणि डिसेंबरात त्याने शहर व्यापले. आगमनकाळाचे चार रविवार लोटत होते, तशी गाड्यांना आणि बोटींना गर्दी वाढत होती. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांहून अधिक होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील सुमारे पावणेचार लाख माणसे शहर सोडून गेली, असा त्या वेळचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. कोणी कोकणात गेले, कोणी घाटावर, कोणी वसई-साष्टीतील नातेवाइकांकडे, तर कोणी गोव्याला.

त्या वर्षीचा नाताळ शुक्रवारी आला. त्या रात्री आमच्या देवळांत मिस्सेला उभ्या राहिलेल्या माणसांच्या मनाची कल्पना करून पाहावी. गिरगावचे संत तेरेजाचे देऊळ, दादरचे पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखले जाणारे तारणमातेचे देऊळ, धोबीतलावाजवळ सोनापूरचे व्याकूळ मातेचे देऊळ, ही सारी तेव्हाही उभी होती. बाकांवरच्या रिकाम्या जागा म्हणजे कोण गावी गेले, कोण इस्पितळात आहे आणि कोण कायमचे गेले, याचा हिशेबच होता. जन्मोत्सवाच्या रात्री मृत्यू दाराशी बसला होता.

शहरभर त्या वेळी विज्ञानाच्या नावाने जे चालले होते तेही पाहिले पाहिजे. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून पसरतो अशी समजूत असल्याने गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडले जात होते. चाळींच्या भिंतींना चुना मारला जात होता. उजेड यावा म्हणून कौले काढली जात होती. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात होती. यामागे हेतू चांगला होता, परंतु उंदरांच्या अंगावरील पिसू हाच रोगाचा वाहक आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोगाचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता; पिसवांचा मार्ग मात्र पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत १८९८ साली दाखवला आणि तोही लगेच कोणाला पटला नाही. तेव्हा १८९६ च्या नाताळात विज्ञानसुद्धा बऱ्याच अंशी अंधारात चाचपडत होते. आपल्या पूर्वजांच्या भाबडेपणाला हसण्याआधी हे ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

तीन राजांनंतरचा रविवार

याच नाताळच्या दिवसांत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा खोलीत आणि तिच्या बाहेरच्या पडवीत एक परदेशी माणूस रात्रंदिवस काम करीत होता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला हा यहुदी शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला होता. पटकीवरची लस त्याने आधीच तयार केली होती, आणि तीही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. ऑक्टोबरच्या आरंभी तो मुंबईस आला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्याने प्लेगच्या लसीचा उद्योग मांडला.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, म्हणजे त्या थेंबांच्या आधाराने जंतू खाली लोंबत वाढतात. काही आठवडे वाढ झाली की तो रस तापवून जंतू मारावयाचे आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालून ठेवावयाचे. मेलेले जंतू अंगात गेले की रोग होत नाही, पण शरीर त्या शत्रूला ओळखू लागते. या देशातील लोकांच्या भावना जाणून हाफकिनने गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून रसासाठी बकऱ्याचे मांस वापरले. ज्यांना लस द्यायची त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत विचार करणारा हा शास्त्रज्ञ होता. डिसेंबरात सशांवरील प्रयोग यशस्वी झाले.

मग आला १० जानेवारी १८९७ चा दिवस. तो रविवार होता. तीन राजांच्या सणानंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी हाफकिनने स्वतःच्या शरीरात १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना जी मात्रा दिली गेली तिच्या कितीतरी पट ही होती. त्याला ताप चढला, अंग दुखले, काही दिवसांत तो बरा झाला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतल्याच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला ते सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच तो झाला आणि ते दोघेही वाचले.

त्याच वर्षी वसंतात दमणमध्ये फार मोठी कसोटी लागली. दमण तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते आणि तेथील ख्रिस्ती वस्तीचे मुंबईशी जवळचे नाते होते. धाकट्या दमणमध्ये २,१९७ माणसांनी लस घेतली; त्यांतील ३६ दगावली. ज्यांनी घेतली नाही अशी ६,०३३ माणसे होती. त्यांतील १,४८२ मेली. म्हणजे लस न घेतलेल्या चौघांतील जवळजवळ एक गेला, तर लस घेतलेल्या शंभरांतील दोनही गेले नाहीत. हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यांत आपल्याच सोयऱ्यांची घरे आहेत.

आम्हाला येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बेथलेहेमच्या गव्हाणीतील बाळ यहुदी कुळातले. पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष परके, ताऱ्यांचा अभ्यास करणारे. त्यांनी आपल्या विद्येच्या आधाराने वाट काढली आणि बाळापुढे गुडघे टेकले. तीन राजांच्या त्या आठवड्यात मुंबईला जे देणे मिळाले, तेही एका परक्या, यहुदी विद्वानाच्या हातून. हा केवळ तारखांचा योगायोग आहे, त्यावर चमत्काराचा डोलारा आम्ही उभारू इच्छीत नाही. पण देवाचे देणे आपल्याच दारातून, आपल्याच माणसाच्या हातून यावे असा हट्ट धरू नये, हा तीन राजांच्या सणाचा बोध त्या वर्षी मुंबईत अक्षरशः खरा झाला, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. हाफकिनने पुढे आपल्या यहुदी धर्माची निष्ठेने कास धरली आणि त्या श्रद्धेच्या समर्थनार्थ लेखनही केले. विद्येने त्याची श्रद्धा हिरावून घेतली नाही.

क्रूस उभे राहिले

इकडे वाड्यांमधून क्रूस उभे राहू लागले. मुंबईतील सगळेच क्रूस प्लेगचे नव्हेत. काही त्याहून जुने आहेत आणि काही जुन्या देवळांच्या जागा दाखवतात. परंतु साथीच्या त्या दशकात क्रुसांची संख्या झपाट्याने वाढली. चौथऱ्यांवर कोरलेली साले याची साक्ष देतात. गिरगावच्या खोताच्या वाडीतील प्रार्थनास्थान, माझगावच्या माथारपाखाडीतील क्रूस, अशा कितीतरी ठिकाणांच्या पाठीशी साथीची आठवण सांगितली जाते. लोक संध्याकाळी मोकळ्यावर जमत, जपमाळ म्हणत, संत रॉक आणि संत सेबॅस्टियन यांचा धावा करीत. हे दोघे युरोपातही शतकानुशतके महामारीत धावून येणारे संत मानले गेले आहेत. संत सेबॅस्टियनचा सण २० जानेवारीला येतो. त्या वर्षी तो हाफकिनच्या प्रयोगानंतर दहाच दिवसांनी आला.

या क्रुसांनी काय केले? जंतू मारले नाहीत, हे उघड आहे. पण भीतीने माणूस माणसापासून पळत होता, त्या दिवसांत त्यांनी माणसांना एका जागी उभे केले. शेजारच्या घरात कोण आजारी आहे, कोणाकडे चूल पेटलेली नाही, कोणाचे मूल उघडे पडले आहे, हे कळण्याची जागा म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. आणि जे गेले त्यांच्यासाठी चारचौघांत रडता येण्याचीही तीच जागा. ज्या क्रुसाखाली एखाद्याने नवस बोलला, त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी लस टोचून घेतली असेल तर त्यात त्याला काही विसंगत वाटण्याचे कारण नव्हते. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा आणि औषध नाकारू नये, असा उपदेश आहे. आजारात प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असे दोन्ही तेथे एकत्र सांगितले आहे. डॉ. व्हिएगस यांनी स्वतः हजारो लोकांना लस टोचली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

भीती आणि सक्ती

मग लसीला विरोध झाला नाही का? झाला, आणि खूप झाला. पण त्याचे मूळ कोठे होते हे नीट पाहावे लागेल. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. लालबाग-चिंचपोकळीच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांना मारून त्यांचे तेल काढतात, राणीच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून तिने माणसांची काळजे मागितली आहेत, अशा अफवा शहरभर होत्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. शिपाई आणि गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले, बायकांच्या अंगाला हात लावून तपासू लागले, रोग्याला घरच्यांपासून तोडून नेऊ लागले. पुण्यात या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडच्या वधाच्या प्रसंगाने झाला, हे सर्वश्रुत आहे.

या विरोधाला ‘धर्मवेडेपणा’ म्हणून बाजूला सारणे सोयीचे होते आणि अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी तेच केले. वास्तविक लोक ज्ञानाला घाबरत नव्हते. ज्या हातातून ते ज्ञान येत होते त्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. हाफकिनला हे कळले होते. म्हणून त्याने लस सक्तीने देण्याऐवजी लोकांपुढे स्वतः टोचून घेऊन दाखवण्याचा मार्ग धरला आणि आगा खान यांच्यासारखे समाजाचे पुढारी त्याच्या पाठीशी उभे राहिले. विश्वास हा शब्द आपण देवळात वापरतो. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या औषधालाही त्याची तितकीच गरज असते.

आणि विज्ञानाच्या दरबारातही अन्याय होतो, हेही येथे सांगितले पाहिजे. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिनवर आला, त्याला पदावरून दूर व्हावे लागले. दोष लसीचा नव्हता. गावात उघडलेल्या एका बाटलीत बाहेरून जंतू शिरले होते. हिवतापाच्या प्रसाराचा शोध लावणारे सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने झगडले, तेव्हा १९०७ साली तो निर्दोष ठरला. निरपराध माणसावर आरोप येणे आणि सत्यासाठी कोणीतरी उभे राहणे, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाला अपरिचित नाही.

परळच्या वाड्यातील दोन काळ

१० ऑगस्ट १८९९ रोजी हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. या वास्तूचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना आश्चर्याचा वाटेल. पोर्तुगीज अमलात येथे ख्रिस्ती मठ आणि देऊळ होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ते ताब्यात घेतले. पुढे येथे गव्हर्नर राहू लागले आणि देवळाच्या जुन्या भिंतींतच मेजवानीचे व नाचाचे दालन सजले. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथेच पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला हलले. ओस पडलेल्या या वाड्यात प्लेगच्या दिवसांत काही काळ रुग्णालय होते आणि नंतर ही प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. एकेकाळी जेथे मिस्सा होत होती, तेथून पुढे लाखो माणसांसाठी लस जाऊ लागली.

पिसवांचा प्रश्नही याच आवारात सुटला. १९०५ पासून येथे प्लेगच्या संशोधनासाठी खास खोपटी बांधून प्रयोग झाले. गिनिपिगांचे काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, तर काही पिसू उडी मारून पोहोचू शकणार नाही इतक्या उंचीवर टांगले. खालचे प्राणी रोगाने मेले, वरचे वाचले. हवेतून रोग येतो ही जुनी समजूत अशी हळूहळू मागे पडली.

पुढे याच संस्थेत एक येशूसंघीय धर्मगुरू रोजच्या रोज कामाला येऊ लागले. फादर ज्याँ फर्दिनांद कायुस हे औषधिशास्त्राचे जाणकार होते. डॉक्टर कृष्णाजी श्रीपाद म्हसकर यांच्याबरोबर त्यांनी सर्पदंशावर गुणकारी मानल्या गेलेल्या तीनशेहून अधिक वनस्पती एकेक करून तपासल्या आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांतील एकही विषावर खरी उतरत नाही, असे स्पष्ट लिहिले. झाडपाल्याच्या भरवशावर वेळ दवडून माणसे मरत होती, तेव्हा हे निर्विकार सत्य हीच मोठी दया होती. याच काळात सेंट झेवियर्स कॉलेजात फादर एथेलबर्ट ब्लाटर सह्याद्री आणि सिंध पालथे घालून वनस्पतींचा संग्रह करीत होते; १९०६ साली सुरू झालेला हा संग्रह आजही त्यांच्या नावाने चालतो. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाची दुसरी आवृत्ती ब्लाटर, कायुस आणि म्हसकर या तिघांनी मिळून सिद्ध केली. दोन येशूसंघीय पाद्री आणि एक मराठी डॉक्टर यांच्या नावांची ती ओळ वाचताना श्रद्धा आणि विज्ञान यांच्या भांडणाच्या गोष्टी फार दूरच्या वाटतात.

पुन्हा एक रिकामा नाताळ

हे सारे जुने झाले असे २०२० सालापर्यंत आम्हालाही वाटत होते. त्या मार्चमध्ये देवळांची दारे बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला उघडली. २२ डिसेंबरपासून मुंबईत रात्री ११ नंतर संचारबंदी लागली आणि मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकावी लागली. बाकांवर अंतराच्या खुणा होत्या, तोंडावर मुखपट्ट्या होत्या, गायनवृंद गप्प होता. आमच्या पणजोबांनी पाहिलेल्या नाताळाचे रूप आम्हीही पाहिले.

त्या नाताळाच्या आधीच, २१ डिसेंबरला, दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. गुरू आणि शनी हे ग्रह आकाशात इतके जवळ आले की उघड्या डोळ्यांना जवळजवळ एकच तारा दिसावा. १६०३ च्या डिसेंबरात अशीच युती पाहून योहानेस केप्लर यांनी बेथलेहेमच्या ताऱ्याचा काळ गणिताने शोधण्याचा प्रयत्न केला होता. आणि त्याच दिवशी रोममधील धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने करोनावरील लसी घेणे कॅथलिकांना नैतिक दृष्ट्या मान्य आहे, असे पत्रक प्रसिद्ध केले. लस घेणे ऐच्छिक असावे, पण न घेणाऱ्याने इतरांच्या जिवाची काळजी घेतलीच पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले. मोबाइलवरून मात्र अफवांचे पीक आले होते. राणी आणि माणसांची काळजे ही जुनी अफवाच नवे कपडे घालून परत आली होती. काही ख्रिस्ती घरांतून “आमचा देव आम्हाला राखील, लस कशाला?” असेही आम्ही ऐकले आणि आम्हाला वाईट वाटले. देव राखतो हे खरे. तो कोणाच्या हातून राखतो हे पाहण्याची तसदीही घ्यायला हवी.

हेरोदाच्या दरबारातील शास्त्री पंडितांची गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. ख्रिस्त कोठे जन्मणार हे त्यांना ग्रंथातून ठाऊक होते, तरी ते जागचे हलले नाहीत. दूरदेशीचे ज्योतिषी मात्र तारा पाहून निघाले आणि वाटेत ग्रंथाचा आधारही त्यांनी विचारला. नुसता ग्रंथ जाणून माणूस बसून राहू शकतो, तसाच नुसती विद्या जाणूनही. बाळापर्यंत पोहोचले ते दोन्हींचे ऐकून चालू लागलेले.

आता त्या मुलाचा प्रश्न. प्लेग क्रुसाने घालवला की लसीने? खरे पाहता तो एकट्या लसीनेही घालवला नाही. लसीने हजारोंचे प्राण राखले. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट वस्त्या फोडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला मोकळ्या वसाहती वसवल्या. उंदरांमध्ये हळूहळू प्रतिकारशक्ती आली, पुढे नवी औषधे आली. तोवर हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली होती. या दीर्घ काळात माणसांना धीर देणारा, शेजाऱ्याला शेजाऱ्याशी बांधून ठेवणारा आणि गेलेल्यांची नावे विसरू न देणारा क्रूस गल्लीत उभा होता. त्याने रोग घालवला असे म्हणून आपण त्याच्यावर नसता भार टाकू नये. त्याने काहीच केले नाही असे म्हणून आपल्या पूर्वजांच्या अश्रूंचा अपमानही करू नये.

त्या वृद्ध बाईंची आणि त्या मुलाची पुन्हा भेट झाली तेव्हा आम्ही त्यांना ही हकीकत सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आमच्या आजीच्या दंडावर टोचल्याची खूण होती. पण तीच रोज या क्रुसाला दिवा लावायची.” यावर आम्ही अधिक काय बोलणार? या नाताळात वाडीच्या क्रुसापाशी प्रार्थनेला जमाल तेव्हा मृतांच्या स्मरणात अकासिओ व्हिएगस आणि वाल्डेमार हाफकिन ही दोन नावेही घ्यावीत, आणि ती कोणाची होती हे मुलांना सांगावे, एवढीच आमची विनंती.